वस्तूचे अंतरंग कोठे असते?

आपल्या बोलीत 'आत' आणि 'बाहेर' हे दोन शब्द जितक्या वेळा येतात तितके दुसरे क्वचितच येत असतील. अमुक मनुष्य आतल्या गाठीचा आहे, तमक्याच्या पोटात एक आणि ओठांत एक, फणस वरून काटेरी पण आत गोड, असे आपण नित्य म्हणतो. कोणाचा अपराध क्षमा करावयाचा झाला तर तो 'पोटात घालावा' असे सांगतो. म्हणजे क्षमेलाही आपण आतलीच जागा नेमून दिली आहे. ह्या सर्व बोलण्याच्या मुळाशी एक समजूत आहे. ती अशी की, प्रत्येक वस्तूला जणू एक ओसरी आणि एक माजघर असते. ओसरी येणाऱ्याजाणाऱ्यास दिसते, माजघर घरधन्यासच ठाऊक. आणि खरे काय ते माजघरात असून ओसरीवर केवळ देखावा मांडलेला असतो. ही समजूत इतकी अंगवळणी पडली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती आज तपासावी असा आमचा विचार आहे. कारण तिच्यावर माणसांविषयीचे आपले बरेवाईट निर्णय आणि प्रसंगी एखाद्याचे जगणेमरणेही अवलंबून असते.

प्रथम अगदी साधी, निर्जीव वस्तू घेऊ. गुळाची ढेप घ्या. तिचे बाहेरचे अंग तुम्हांस दिसते. आतला गूळ कसा आहे हे पाहण्यासाठी तुम्ही ती फोडता. आता काय दिसले? आतला गूळ दिसला, असे तुम्ही म्हणाल. परंतु थोडा विचार करा. फोडण्यापूर्वी जे आत होते ते फुटताक्षणीच बाहेर झाले. जी बाजू डोळ्यांपुढे आली ती आता त्या खड्याची बाहेरचीच बाजू आहे, आणि तिच्यामागे न दिसलेला गूळ पूर्वीप्रमाणेच शिल्लक आहे. तो खडा फोडा, पुन्हा तोच प्रकार. कुटून त्याची पूड करा, तरी प्रत्येक कणाची पाठच तुमच्याकडे राहील. पाथरवट जन्मभर दगड फोडतो, परंतु दगडाचे अंतरंग त्याने एकदाही पाहिलेले नसते. त्याने पाहिली ती दर वेळी एक नवी पाठ. सुरीने, घणाने किंवा करवतीने वस्तूच्या आत जाता येत नाही, बाहेरच्या बाजूंची संख्या मात्र वाढवता येते.

मग दगडाला अंतरंग नाहीच काय? ह्या प्रश्नावर युरोपात मोठा वाद झालेला आहे. स्वित्झर्लंडचा कवी व शरीरशास्त्रज्ञ हालर ह्याने 1730 साली एका काव्यात असे प्रतिपादिले की, निसर्गाच्या आतल्या भागात कोणाही निर्मित बुद्धीचा शिरकाव होणे नाही. बाहेरचे कवच दिसले तरी पुष्कळ. जर्मनीचा महाकवी ग्योटे ह्यास हे बोलणे वर्षानुवर्षे सलत राहिले, आणि 1820 साली त्याने उलट उत्तर दिले की निसर्गाला गर वेगळा आणि साल वेगळी असे काही नाहीच. ह्या दोघांच्या मधल्या काळात, म्हणजे 1781 साली, तत्त्वज्ञ कांट ह्याने आपल्या मुख्य ग्रंथात ह्या तक्रारीचा जो समाचार घेतला तो आम्हांस सर्वांत समंजस वाटतो. वस्तूंचे अंतरंग आम्हांस कळत नाही असे जे रडगाणे गातात, त्यांचे म्हणणे इतकेच की इंद्रियांवाचून आम्हांस वस्तू कळाव्यात. म्हणजे मनुष्य न होता मनुष्याचे ज्ञान व्हावे. आणि निरीक्षण व पृथक्करण ह्यांच्या योगाने आपण निसर्गाच्या आत जातच असतो. ही वाट पुढे किती लांब जाईल हे कोणी सांगू शकत नाही. गुळाच्या बाबतीत तरी 'आतले' म्हणजे 'अद्याप न दिसलेले' ह्याहून अधिक अर्थ आम्हांस दिसत नाही. व्यापाऱ्याने ढेपेच्या मध्यभागी खडे घातले असले तर तेही केवळ अद्याप न दिसलेले खडेच होत. त्यांत गूढ काही नाही, लबाडी आहे.

परंतु सर्व वस्तू ढेपेसारख्या भरीव नसतात. कुंभाराच्या मडक्याकडे पाहा. मडक्याच्या आत काय आहे असे विचारले असता आपण त्याच्या भिंतीतील माती दाखवीत नाही, भिंतीने वेढलेली पोकळी दाखवतो. आता ही पोकळी विलक्षण आहे. तिच्यातील हवा आणि अंगणातील हवा एकच. तोंडाशी दार नाही की उंबरठा नाही. आत कोठून सुरू झाले हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मडके फुटले तर पोकळीला तडा जात नाही. आपल्या देशातील वेदान्ती पंडितांनी ह्याच दृष्टान्तावर घटाकाश आणि महाकाश ह्यांचा विचार रचला हे पुष्कळांस ठाऊक आहे. तरी पाणी आणणाऱ्या बाईस पंडितांची गरज पडत नाही. मडक्याचे 'आत' म्हणजे जेथे पाणी राहते ते, एवढे तिला पुरते. येथे आत आणि बाहेर हा भेद वस्तूच्या मातीने केलेला नसून तिच्या उपयोगाने केलेला आहे.

आपले शरीरही ह्या दृष्टीने मडक्याच्याच जातीचे आहे, किंबहुना दोन्ही तोंडे उघड्या नळाच्या जातीचे आहे. ओठांची कातडी तोंडात वळते, घशाचे अस्तर होते, पुढे जठराचे व आतड्यांचे अस्तर होते आणि खाली पुन्हा बाहेरच्या कातडीस मिळते. मध्ये कोठेही खंड नाही. तेव्हा गिळलेला घास पोटात गेला तरी एका अर्थी तो अजून शरीराच्या बाहेरच आहे. पचून, आतड्याच्या भिंतीतून झिरपून रक्तात मिसळला म्हणजेच तो खरोखर आत आला. ह्या जागेची एक चमत्कारिक हकीकत आहे. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर आलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी शिरली. तो वाचला, परंतु जठराचे भोक बुजले नाही. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने दोऱ्यास मांसाचे व भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडावे, आणि काही वेळाने ओढून काढून किती पचले ते पाहावे, असे प्रयोग कित्येक वर्षे चालवून 1833 साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पचन हे रसाने घडणारे रासायनिक काम आहे ही गोष्ट त्याने प्रस्थापित केली. बिचाऱ्या सेंट मार्टिनला आपले पोट असे ओसरीवर आलेले फारसे आवडले नाही; तो एकदोनदा निघूनही गेला, आणि आमच्या मते ते योग्यच होते. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने शिष्यांस पोट आणि अंतःकरण ह्यांतील जो भेद सांगितला आहे तो वाचकांस आठवेलच. बाहेरून मनुष्याच्या पोटात जाणाऱ्या अन्नाला तेथे आतली वस्तू म्हटलेलेच नाही. ते पोटात जाते आणि बाहेर पडते. अंतःकरण ही वेगळी जागा. ती जागा कोणती, ह्या प्रश्नाकडे आम्हांस यावयाचेच आहे, परंतु त्याआधी वाटेत एक झाड लागते.

ते झाड उंबराचे. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या स्नेह्यास आपण 'उंबराचे फूल झालास' असे म्हणतो, कारण उंबराला फूल आलेले कोणी पाहिलेले नाही. खरी गोष्ट अशी आहे की उंबराइतकी फुले फार थोड्या झाडांना येत असतील. ती केवळ आतल्या अंगाने येतात. ज्यास आपण उंबराचे फळ म्हणतो ते आरंभी फळ नसतेच. सूर्यफुलाची चकती फुलांची बाजू आत घेऊन कोणी थैलीसारखी गुंडाळावी आणि वर तोंड आवळून टाकावे, तसा तो प्रकार आहे. त्या थैलीच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. देठाच्या समोरच्या टोकास जे छिद्र दिसते ते त्या थैलीचे तोंड. ते खवल्यांनी जवळजवळ बंद असते. तेथून एक चिमुकली माशी, गांधीलमाशीच्या कुळातील, अंग चेपून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, म्हणून पुन्हा बाहेर येणे तिच्या नशिबी नाही. ज्या उंबरात ती जन्मली तेथला पराग तिने अंगावर आणलेला असतो. तो फुलांस मिळतो. काही फुलांत ती अंडी घालते, आणि तेथेच मरते. तिची पिल्ले त्या फुलांतच वाढतात. त्यांतील नर बिनपंखी असतात. जोडीचे काम उरकून ते उंबराच्या भिंतीस भोक पाडतात, आणि त्यांचे आयुष्य तेथेच संपते. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात व दुसरे उंबर शोधतात.

उंबर फोडून केंबरे उडवू नयेत अशी आपल्याकडे म्हण आहे. झाकलेली घाण उगीच उघडी करू नये, असा तिचा आशय. म्हणीवर आमचा राग नाही. गावगप्पांच्या बाबतीत ती पुष्कळ वेळा उपयोगी पडते. परंतु उंबरावर मात्र तिने अन्याय केला आहे. ही केंबरे म्हणजे घाण नव्हे. ती न शिरती तर उंबरास एकही बी धरते ना, आणि गावाच्या ओढ्याकाठी उंबराचे झाड उभे राहते ना. आत जे आहे ते बाहेरच्याहून वाईटच असणार, असे म्हणीने गृहीत धरले. फणसाची म्हण म्हणते की ते चांगलेच असणार. दोहोंत चूक एकच आहे. आत म्हणजे उलट, असे दोघी मानतात. उंबराने तर आत आणि बाहेर ह्यांची अदलाबदलच केलेली आहे. दुसऱ्या झाडांची जी उघडी, वाऱ्यावर डोलणारी बाजू, तीच ह्याची आतली. आणि त्या बिनपंखी नराला विचारता आले असते तर तो म्हणाला असता की आत वगैरे काही नाही, हे सगळे जगच आहे.

आता कोणी म्हणेल की उंबर फोडले म्हणून हे कळले. न फोडता आतले कळण्याचा मार्ग कोणता? इंग्रज तत्त्वज्ञ लॉक ह्याने 1690 सालच्या आपल्या ग्रंथात स्ट्रासबुर्ग येथील प्रसिद्ध घड्याळाचे उदाहरण घेतले आहे. कारागिरास त्या घड्याळाची चाके व कळा ठाऊक असतात. टकमक पाहत उभ्या राहिलेल्या खेडुतास केवळ काटा फिरलेला दिसतो आणि ठोके ऐकू येतात. आपण सर्व निसर्गापुढे त्या खेडुतासारखे आहोत, असे लॉकचे म्हणणे. लॉक मोठा विद्वान खरा, परंतु तो आमच्या बाजारात आला नव्हता. आमचा खेडूत मडके विकत घेताना टकमक पाहत बसत नाही. बोटाच्या पेराने ते वाजवून घेतो, आणि डोळ्यास न दिसणारी चीर त्याच्या कानास कळते. कलिंगड तो थापटून घेतो. बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, ओढायला लावून पाहतो. हे शास्त्रज्ञांच्याच मार्गाचे वागणे आहे, आणि ही आम्ही केलेली स्तुती नव्हे, इतिहास आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्स गावी एका खाणावळवाल्याचा मुलगा, औएनब्रुगर नावाचा, बापास पिंपे वाजवून त्यांत दारू कोठवर आहे हे ताडताना पाहत असे. पुढे तो व्हिएन्नात डॉक्टर झाला आणि रोग्याच्या छातीवर बोटे वाजवून आत पाणी झाले आहे की काय हे ओळखण्याची रीत त्याने 1761 साली प्रसिद्ध केली. 1816 साली पॅरिसच्या लेनेक ह्याने कागदाची सुरळी छातीस लावून ऐकले, तेव्हापासून डॉक्टरांच्या गळ्यात ती नळी आली. आजही तुमचा डॉक्टर पाठीवर टकटक करतो तेव्हा तो पिंपच वाजवीत असतो.

पृथ्वीविषयी आपणांस जे ठाऊक आहे तेही असेच कळले. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे 6371 किलोमीटर आहे, आणि मनुष्याने पाडलेले सर्वांत खोल भोक, रशियाच्या कोला द्वीपकल्पावरील, 12262 मीटर, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर. माणसाने पृथ्वीची साल देखील पूर्ण भेदलेली नाही. तरी भूगर्भखात्यात हिंदुस्थानात नोकरी केलेल्या ओल्डहॅम ह्याने भूकंपाच्या लाटा दूरच्या यंत्रांवर कशा येऊन पोहोचतात ह्याचा हिशोब करून 1906 साली दाखवून दिले की पृथ्वीच्या पोटात एक निराळा गाभा आहे. 1897 सालच्या आसामच्या भयंकर भूकंपाचा अहवाल त्यानेच लिहिला होता. 1936 साली डेन्मार्कच्या इंगे लेमान बाईंनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे त्याच रीतीने ओळखले. भूकंप म्हणजे पृथ्वीवर पडलेली थाप, आणि यंत्र म्हणजे कान. महाराष्ट्रातील आपणांस ही थाप दोन वेळा अतिशय महाग पडली: 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेस, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस, जेथे हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. काळ्या कातळावर घर बांधले म्हणजे ते पक्के, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे 2017 साली तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर कातळ ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. बाहेरून अखंड दिसणारा कातळ हा त्याच्याहून फार जुन्या दगडावर पसरलेला थर आहे, आणि भूकंपाचे मूळ त्या खालच्या दगडात.

येथवर आम्ही जी अंतरंगे पाहिली त्यांत एक गोष्ट समान आहे. गुळाचे, मडक्याचे, उंबराचे वा पृथ्वीचे आत हे एक ठिकाण आहे. तेथे जाता आले तर जे आहे ते दिसेल. आता अवघड प्रश्न येतो. ज्यास आपण मनुष्याचे अंतर्याम म्हणतो तेही असे ठिकाण आहे काय?

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि त्याचा मुलगा श्वेतकेतु ह्यांचा संवाद आहे. बाप मुलाकडून वडाचे फळ आणवतो, ते फोडावयास सांगतो, आतली बारीक बी दिसते. त्यांतील एक बी फोडावयास सांगतो, आणि काय दिसते असे विचारतो. मुलगा म्हणतो, काही दिसत नाही. बाप म्हणतो, जे तुला दिसत नाही त्याच सूक्ष्मापासून हा थोरला वड उभा आहे. त्या संवादाचा पुढील सिद्धान्त आम्ही मानीत नाही हे वाचक जाणतात. परंतु फोडण्याची मर्यादा त्यात फार नेमकी पकडली आहे. युरोपात ह्याच ठिकाणी उलटी चूक झाली. बीजाच्या आत पूर्ण प्राणी लहान आकारात घडी घालून ठेवलेला असतो असे पुष्कळ विद्वान मानीत. हार्टसूकर ह्याने 1694 साली मनुष्यबीजात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या इवल्या माणसाचे चित्रही छापले. पुढे 1759 साली व्होल्फ ह्याने अंड्यातील कोंबडीच्या पिल्लाचे अवयव पूर्वी नसतात, क्रमाने घडत जातात, हे दाखवले. वडाच्या बीत वड नाही. तेथे वड होण्याची रचना आहे. आणि रचना ही पोत्यात भरलेल्या ज्वारीसारखी कोठे ठेवलेली वस्तू नसते, ती सर्वत्र मिळून असते.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स ह्याने 1714 साली मनाविषयी हाच विचार एका गिरणीच्या दृष्टान्ताने मांडला. विचार करणारे व दुःख जाणणारे एखादे यंत्र आहे अशी कल्पना करा, आणि ते इतके मोठे करा की गिरणीत शिरावे तसे आपणांस त्याच्या आत शिरता येईल. आत हिंडून काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील. दुःख कोठेही दिसणार नाही. ज्यांनी औरंगाबादची पाणचक्की पाहिली आहे त्यांनी हा दृष्टान्त तिच्यावर लावून पाहावा. आज मेंदूचे चित्र काढणारी यंत्रे आहेत, त्यांत रक्ताचा ओघ कोठे वाढला हे दिसते. परंतु लायब्निट्सच्या गिरणीतच आपण अजून हिंडत आहोत. 1907 साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने मरणोन्मुख रोग्यांच्या खाटा काट्यावर ठेवून आत्म्याचे वजन काढले म्हणून प्रसिद्ध केले. सहा रोगी, त्यांतील एकाचाच आकडा त्याच्या कामाचा. आत्म्याविषयी श्रद्धा असलेल्या पुष्कळांना त्या वेळी आनंद झाला. आम्हांस तो होत नाही. आत्मा हा ढेपेतल्या खड्यासारखा आहे असे मानल्याशिवाय तो काट्यावर घालता येत नाही.

तेव्हा मनुष्याचे 'आतले' म्हणताना आपण दोन अगदी भिन्न गोष्टी एका शब्दात कोंबतो असे आमचे मत आहे. एक त्याचा स्वभाव. शेजारी म्हणतो, 'तो धान्य वाटतो खरा, पण आतून कंजूष आहे.' हा कंजूषपणा कोठे आहे? धान्य वाटणाऱ्या हाताच्या मागे, एखाद्या माजघरात, तो दडून बसलेला नाही. असलाच तर त्याच्या इतर कृत्यांत असेल: कोणी पाहत नसता त्याने मजुरास किती माप दिले, गेल्या दुष्काळात काय केले, उद्या भाव चढल्यावर काय करील. हे सर्व बाहेरचेच आहे, फक्त शेजाऱ्याने पाहिलेले नाही, किंवा अजून घडलेले नाही. जो मनुष्य वीस वर्षे धान्य वाटतो आणि तरी लोक ज्यास 'आतून निराळा' म्हणतात, त्याच्यावर ते असा आरोप करीत असतात की ज्यास पुरावा देण्याची गरजच उरत नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजोबांना हे शब्द ऐकावे लागले: वेष बदलला, नाव बदलले, आतून तोच आहे. आता आपण दुसऱ्यांविषयी तेच शब्द वापरीत नाही ना, हे प्रत्येक मंडळीने पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे सोसणे. दाढ दुखते ती ज्याची त्यासच दुखते. स्वभाव आपण समजतो त्याहून बराच बाहेर असतो. दुःख मात्र आपण समजतो त्याहून खोल असते, आणि त्याच्यापर्यंत घण किंवा दिवा पोहोचत नाही. गंमत अशी की लोक नेमके ह्याच्या उलट वागतात. न दिसणाऱ्या स्वभावाविषयी ठाम बोलतात, आणि समोरचा कण्हत नाही एवढ्यावरून त्यास काही होत नाही असे धरून चालतात.

जुलै 2005 मध्ये इंग्लंडात तेवीस वर्षांच्या एका बाईस मोटारीचा अपघात झाला. ती वाचली; डोळे उघडी, निजे, जागी होई, परंतु कोणाच्या हाकेस ओ देईना, सांगितलेले काही करीना. पाच महिने तसेच गेले. आत कोणी नाही, असाच वैद्यकाच्या नियमांचा निकाल होता. केंब्रिज येथील एड्रियन ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला एमआरआय यंत्रात निजवून तिच्या कानात सांगितले, 'आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना करा.' नंतर सांगितले, 'आपल्या घरातील खोल्यांतून फिरतो आहोत अशी कल्पना करा.' दर वेळी मेंदूच्या निरनिराळ्या भागांत, निरोगी माणसांत दिसते तशीच, हालचाल दिसली, आणि 'आता थांबा' म्हणेपर्यंत ती टिकली. हा वृत्तान्त सप्टेंबर 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी शंका काढली की 'टेनिस' हा शब्द ऐकून मेंदू आपोआप उठला असेल. त्यावर उत्तर असे की, आपोआप उठलेला मेंदू अर्धे मिनिट आज्ञा पाळीत बसत नाही. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्रात टेनिस दिसले नाही, कल्पना दिसली नाही. लायब्निट्सचे म्हणणे खोटे पडले नाही. रक्ताचा ओघ तेवढा दिसला. परंतु तो प्रश्नाचे उत्तर म्हणून आला. मडके वाजवले आणि ते वाजले.

2010 साली ह्याच मंडळींनी व बेल्जममधील लीएज येथील डॉक्टरांनी अशा व अर्धवट शुद्धीतील 54 रोग्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. पाच जण आज्ञेप्रमाणे कल्पना करू शकत होते. त्यांतील एकाला 'होय' म्हणावयाचे तर टेनिस आणि 'नाही' म्हणावयाचे तर घर, अशी खूण देऊन सहा साधे प्रश्न विचारले; पाचांची उत्तरे बरोबर आली. पुढे 2024 साली अनेक देशांतील मिळून जी मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली तिच्यात बाहेरून काहीच प्रतिसाद न देणारे 241 रोगी होते. त्यांतील 60 जणांच्या मेंदूने सांगितलेले ऐकले असे आढळले, म्हणजे चारांत एक. ह्याच परीक्षेतील दुसरा आकडा आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. बाहेरून आज्ञा पाळणारे, म्हणजे ज्यांची शुद्ध डोळ्यांस दिसत होती असे, 112 रोगी यंत्रापुढे बसवले, तर त्यांतील 43 जणांपुरतीच यंत्राने साक्ष दिली. बाकीचे शुद्धीवर होते आणि यंत्र गप्प राहिले. यंत्राच्या मौनावरून घर रिकामे आहे असे ठरत नाही.

अशी यंत्रे आपल्या तालुक्याच्या गावी नाहीत. शहरातील मोठ्या इस्पितळातून रोग्यास 'आता घरी न्या' म्हणून सांगतात आणि नातलग त्यास गाडीत घालून आणतात. मग त्याच्या खाटेभोवती बसून, तो ऐकतच नाही अशा समजुतीने, औषधाच्या खर्चाचे, जमिनीच्या वाटणीचे आणि त्याच्या बायकोने पुढे कोणाकडे राहावे ह्याचे बोलणे चालते. आमच्या उपदेशक बंधूंना अशा घरी वारंवार जावे लागते, आणि तेथे काय बोलावे असे ते आम्हांस विचारतात. वाटणीचे बोलणे अंगणात न्यावे. उशाशी बसून रोग्यास त्याच्या नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, आज वार कोणता, पाऊस झाला की नाही, घरी कोण कोण आले आहे, हे सांगावे. त्याचा हात हातात घेण्यापूर्वी 'हात धरतो' असे म्हणावे. आणि एखादा प्रश्न विचारला तर उत्तरासाठी, ते येवो अगर न येवो, थोडा वेळ थांबावे.